आधी पाणी, मग केसपेपर

मला स्वस्थ बसता येत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरला हे शोभत नाही, पण काय करणार? डोंबिवलीतल्या माझ्या दवाखान्यात मी दिवसभर पेशंटना सांगत असते, "हनुवटी इथे टेकवा, कपाळ इथे, अजिबात हलू नका," आणि हे सांगताना स्वतः फिरत्या स्टुलावर डावीउजवीकडे झुलत असते. माझी रिसेप्शनिस्ट म्हणते, "मॅडम, पेशंटना गरगरतं ते तुमच्यामुळे."

त्यामुळे कल्याणच्या एका मोठ्या रुग्णालयातून जेव्हा विचारणा झाली, की आमच्या कॅज्युअल्टीतल्या निवासी डॉक्टरांना डोळ्याच्या तातडीच्या केसेस कशा हाताळायच्या ते शिकवाल का, आठवड्यातून एक दुपार, तेव्हा मी वाक्य पूर्ण व्हायच्या आत हो म्हटलं. कॉलेजात मी एकांकिका करायचे. त्यानंतरची सगळी वर्षं अंधाऱ्या खोलीत एका वेळी एकाच माणसाच्या डोळ्यात बत्ती मारण्यात गेली. मला समोर दहाबारा माणसं हवी होती, उजेडात बसलेली आणि ज्यांना उठून जायची सोय नाही अशी. निवासी डॉक्टर या वर्णनात चपखल बसतात.

पहिल्याच दुपारी लक्षात आलं, की ही मुलं शूर आहेत आणि डोळ्याला मात्र घाबरतात. छातीत नळी घालतील, फाटलेलं डोकं गप्पा मारत शिवतील, पण डोळा धरून कुणी आत आलं की सगळ्यांचे हात पाठीमागे. मग ठरलेला उपचार: दोन थेंब, वर पट्टी, आणि "उद्या सकाळी नेत्रविभागात दाखवा."

"दिसतंय किती, ते कुणी विचारलं का त्याला?" मी विचारलं.

सगळे पंख्याकडे बघायला लागले.

त्यांच्यात एक साताऱ्याकडचा होता. दारातून आत येताना मान किंचित वाकवणारा, तालमीत वाढलेला गडी. निखळलेला खांदा असा बसवायचा की पेशंटला ओरडायची आठवण नंतर व्हायची. मी त्याला म्हटलं, "तू कशाला घाबरतोस रे? केवढासा असतो डोळा!"

"नको वाटतंय बघा मॅडम," तो म्हणाला. "बाकीचं शरीर गप पडून असतंय. डोळा आपल्याकडं बघत असतो."

मला हे इतकं आवडलं की मी त्याच क्षणी ठरवलं, याला सोडायचं नाही.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं समजणार नाही. तंबाखूबरोबर खायचा चुना हल्ली प्लास्टिकच्या छोट्या ट्यूबमध्ये मिळतो. तोंडाशी चुना वाळतो, ट्यूब बुजते, माणूस ती डोळ्यासमोर धरून जोरात दाबतो आणि ती फुटते. सगळा चुना थेट डोळ्यात. चुना नुसता टोचत नाही, तो आत आत खात जातो. बुबुळाची काच धुरकट होते आणि मग कायमची पांढरी. त्याला औषध एकच, पाणी. ताबडतोब आणि भरपूर. सलाईनची बाटली नळीसकट लावायची आणि अर्धा तास तरी डोळा धुवत राहायचं. नुसतं वरवर धुवूनही भागत नाही. वरची पापणी उलटायची, कारण चुन्याचा गोळा तिच्या आत चिकटून बसतो आणि बाहेर कितीही पाणी ओता, तो तिथे बसून आपलं काम करत राहतो.

हे सगळं त्या मुलांना पाठ होतं. परीक्षेत लिहून आली होती. पण कॅज्युअल्टीत एक वेगळंच दैवत बसलेलं असतं, त्याचं नाव केसपेपर. केसपेपर काढल्याशिवाय तिथे पान हलत नाही. नाव काय, वय काय, राहायला कुठे, बरोबर कोण आहे, खिडकीवर जा, रांगेत उभे राहा. त्या रांगेत माणसाचा डोळा शिजत असतो.

म्हणून मी नाटक बसवलं.

ठाण्यात कोपरीला माझा एक जुना मित्र राहतो. कॉलेजातल्या एकांकिकांपासूनचा. बँकेत नोकरी केली, स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि तेव्हापासून हौशी रंगभूमीवर मरणाऱ्या वडिलांच्या भूमिका करतो. त्याला फोन करून म्हटलं, "तुला कॅज्युअल्टीत जाऊन डोळ्यात चुना गेल्याचा अभिनय करायचाय. मुलांना माहीत नसणार."

"पात्राची पार्श्वभूमी काय आहे?" त्याने विचारलं.

"पार्श्वभूमी काय असणार? तंबाखू खातो."

"ते झालं गं. पण का खातो?"

विभागप्रमुखांची परवानगी घेतली, दुपारची निवांत वेळ निवडली. मित्र डोळ्यावर हात दाबून, "मेलो, मेलो, चुना गेला" करत आत आला. मी पडद्याआड उभी, आनंदाने एका पायावरून दुसऱ्या पायावर. काय झालं असेल? साताऱ्याच्या गड्याने त्याला बसवलं, नाव विचारलं, वय विचारलं आणि केसपेपरच्या खिडकीकडे पाठवलं. माझा मित्र जातिवंत नट. तो एक डोळा मिटून रांगेत उभा राहिला, कण्हत कण्हत केसपेपर काढून आणला. मग त्याचं बीपी घेतलं. मग वजन.

मी पडदा सारला आणि म्हटलं, "अभिनंदन. बीपी उत्तम आहे. डोळा गेला."

त्या दिवशी नियम जाहीर केला. यापुढे माझी माणसं कधीही, कुठल्याही वेषात येतील. डोळ्यात काही उडालं म्हणाला की नाव विचारायच्या आधी पाणी. पाण्याआधी नाव विचारलं तर शून्य मार्क. पाणी सुरू केलं की मला फोन.

याचा परिणाम असा झाला की कॅज्युअल्टीतली मुलं सगळ्या जगाकडे संशयाने बघायला लागली. रांजणवाडी झालेल्या एका आजींना विचारण्यात आलं, "आजी, खरं सांगा, मॅडमनी पाठवलं ना?" आजी म्हणाल्या, "मला कोण पाठवणार? सुनेला वेळ कुठाय?" यावर एकाने दुसऱ्याच्या कानात सांगितलं, "डायलॉग बघ."

पण साताऱ्याच्या गड्याचं एक लक्षण मला अस्वस्थ करत होतं. खोट्या पेशंटपुढे त्याचा हात दगडासारखा स्थिर असायचा. माझ्या मित्राची पापणी त्याने दुसऱ्या फेरीत अशी अलगद उलटली की मित्र मला नंतर म्हणाला, "या मुलाचा स्पर्श चांगला आहे गं." आणि खरा पेशंट आला, एक वेल्डर, डोळ्यात लोखंडाचा कण, अगदी वर दिसत असलेला, तर याच्या हातातला कापसाचा बड थरथरायला लागला. त्याने तो माझ्या हातात दिला आणि बाजूला झाला.

"काय झालं?" मी नंतर विचारलं.

"खोट्याचं काय मॅडम, चुकलं तर तुम्ही वरडणार. खऱ्याचं चुकलं तर त्याचा डोळा जाणार."

मी नेहमीप्रमाणे काहीतरी विनोद केला आणि विषय बदलला.

मग ती दुपार आली. मित्राशी चार वाजताची वेळ ठरली होती. या खेपेला त्याने रंगभूषा करण्याची परवानगी मागितली होती. गालावर टूथपेस्टचे ओघळ, पापणीला लाली. मी दवाखान्यात होते आणि बाहेर बाकावर सातआठ जण डोळ्यात बाहुली मोठी करायचे थेंब घालून, डोळे मिटून, एका ओळीत बसले होते. चारला थोडा वेळ असतानाच फोन वाजला. साताऱ्याचा गडी.

"मॅडम, तुमचा माणूस आला बघा." मागे पाण्याचा आवाज येत होता. "नाव विचारलं नाही, वय विचारलं नाही. थेट झोपवला आणि बाटली लावली. मार्क लिहून ठेवा."

"शाब्बास!" मी म्हटलं. "कसा करतोय?"

"एक नंबर. पहिल्यापेक्षा नवा माणूस चांगलाय. पाय झाडतोय, दात खातोय. आणि मावशी पण भारी आणलीय या वेळी. बायको म्हणून."

मी मावशी आणली नव्हती. नवा माणूसही आणला नव्हता. पण माझा मित्र कधी काय करील याचा नेम नाही, आपल्या जागी मंडळातला कुणी पाठवला असेल, असं मनात येतंय तोच दुसरा फोन वाजू लागला. मित्राचा. मी पहिल्याला थांबवून तो घेतला.

"अगं, गोंधळ झालाय," मित्र हळू आवाजात बोलत होता. "मी अजून कोपरीतच आहे. रंगभूषा करून खाली उतरलो तर रिक्षा स्टँडवरच्या लोकांनी मला धरलं. नाटक आहे म्हणून सांगतोय तर म्हणाले, काकांना भ्रम झालाय. उचलून इथल्या एका डॉक्टरकडे आणलंय. मला आत घेतायत."

"तू कुणाला पाठवलंस का तुझ्या जागी?"

"माझ्या जागी?" त्याला ते लागलंच. "माझ्या जागी कोण करणार हे?"

मी फोन ठेवला. म्हणजे कल्याणच्या त्या खाटेवर झोपलेला माणूस कुणाचाच नट नव्हता.

पहिला फोन अजून चालू होता. "मॅडम, आहात का?" गडी विचारत होता. "काय स्क्रिप्ट लिवलीय पण. मावशी म्हणतायत, यांना उजव्या डोळ्यानं लहानपणापासून अंधुकच दिसतंय, हा डावाच काय तो चांगला. घड्याळं दुरुस्त करतात म्हणे, स्टेशनबाहेर टपरी आहे. ह्याच डोळ्याला भिंग लावतात."

मागून त्या बाईंचा आवाज ऐकू आला. "कोणाशी बोलताय डॉक्टर? यांचा डोळा राहील ना? सांगा ना कोणीतरी."

"बघा," गडी मला म्हणाला. "अंगावर काटा येतोय."

मी खुर्चीवरून उठले होते, कधी ते कळलं नाही. सांगावं तर त्याचा हात थरथरणार, तो बाजूला होणार, आणि त्या वेळी कॅज्युअल्टीत पापणी उलटू शकणारा दुसरा कुणी नव्हता, रुग्णालयाचे नेत्रतज्ज्ञ त्या वारी दुपारी शस्त्रक्रियेत असत. मला पोचायला कितीही घाई केली तरी वेळ लागणार. तेवढ्यात चुना थांबणार नव्हता.

"हो," मी म्हटलं. "माझाच माणूस. आणि आज परीक्षा कडक आहे. फोन सिस्टरच्या हातात दे, स्पीकरवर ठेव, आणि मी सांगते ते सगळं कर. कमी पडलास तर नापास."

"चालतंय की," तो खुशीत म्हणाला.

बाकावरच्या मिटलेल्या डोळ्यांच्या ओळीसमोरून मी पर्स घेऊन धावत निघाले. कुणीतरी डोळे न उघडताच म्हणालं, "मॅडम चालल्या वाटतं." रिसेप्शनिस्ट ओरडली, "मॅडम, यांना दिसत नाहीये, यांचं काय करू?" मी म्हटलं, "चहा दे!"

रिक्षात बसले. "कल्याण. ठाकुर्लीवरून घ्या, आणि जोरात."

"जोरात सगळ्यांनाच जायचंय," रिक्षावाला म्हणाला.

फोन कानाला. "थेंब घातलेस का बधिर करायचे?"

"घातले."

"पाणी कुठून कुठे सोडतोयस? नाकाच्या बाजूने बाहेर सोड. दुसऱ्या डोळ्यात जाऊ देऊ नकोस. डोळा सगळीकडे फिरवायला सांग, वर, खाली, बाजूला."

"काका, वर बघा. खाली बघा. काका, लई हलू नका, मॅडम मार्क कापतात."

"कसले मार्क?" त्या बाईंचा आवाज. "अहो, इथे माणसाचा जीव जातोय आणि यांना मार्क! मी तुम्हाला शंभरदा सांगितलं, तंबाखू सोडा, सोडा. नाही. आता घ्या. आता लावा भिंग."

"अगं गप गं," पहिल्यांदाच त्या माणसाचा आवाज आला. बारीक, दातांमधून. "पोरगं काम करतंय ना."

रिक्षावाला आरशातून माझ्याकडे बघत होता. मी एकदा या बाजूने डोकं बाहेर काढत होते, एकदा त्या बाजूने.

"ताई, आत बसा," तो म्हणाला. "तुम्ही उतरून ढकललंत तरी पुढचा टेम्पो हलणार नाही."

ठाकुर्ली सुटली आणि पत्री पुलाच्या अलीकडे सगळं थांबलं. इंजिनं बंद करून लोक गप्पा मारायला लागले. मी फोनमध्ये बोलत होते, "बाटली संपली? दुसरी लाव. बंद पडता कामा नये. आता वरची पापणी. ऐकतोयस? हे महत्त्वाचं आहे. वरची पापणी उलटायची."

"ते येतंय मला. आम्ही पोरांनी उलटल्यात की एकमेकांच्या."

"काकांना पायांकडे बघायला सांग. खाली बघत राहायचं. पापणीचे केस चिमटीत धर. वरून बड टेकव आणि पापणी त्याच्यावर दुमड. घाई नको."

मग बराच वेळ नुसता पाण्याचा आवाज. आणि फोन कट झाला.

मी पुन्हा लावला. लागेना. पुन्हा. रिक्षावाला आता पूर्ण मागे वळून बसला होता. "कोण आहे तुमचं तिथे?" त्याने विचारलं.

"कोणी नाही," मी म्हटलं.

त्याने हँडल सरळ केलं, दोन गाड्यांच्या मधून जिथे सायकल जाणार नाही तिथून रिक्षा काढली आणि उलट बाजूने पुढे घातली. मी त्या वेळी वाहतुकीच्या नियमांबद्दल काही बोलले नाही. फोन लागला, तर पलीकडून गडी जवळजवळ ओरडतच होता.

"मॅडम! मॅडम, तुम्ही हद्द केली! खरा चुना घातलाय? ह्या माणसाच्या डोळ्यात? पापणीच्या आत एवढा मोठा गोळा आहे! नाटकासाठी कोण असं करतं का? मी तक्रार करणार आहे तुमची. येड लागलंय का तुम्हाला?"

इतक्या मनापासून मला कुणी कधी झापलं नसेल. मी गप्प बसले. मला गप्प बसलेलं त्याने त्याआधी कधी ऐकलं नव्हतं, आणि त्यातूनच त्याला कळलं असावं.

"मॅडम," तो हळू आवाजात म्हणाला. "मावशी रडतायत. लई वेळ झाला रडतायत."

"हं."

"हा खरा आहे."

"पापणी कुठे आहे?" मी विचारलं.

"धरलीय."

"हात थरथरतोय?"

"आता लागलाय थरथरायला."

"थरथरू दे. मनगट त्यांच्या कपाळावर टेकव. टेकवलंस? आता पापणी सोडायची नाही. दुसऱ्या हातात ओला बड घे आणि गोळा बाहेरच्या दिशेने ढकल. पुसू नकोस. उचल."

"तुम्ही किती लांब आहात?"

"पूल आलाय."

"म्हणजे लांब आहात."

"हो."

त्याने श्वास सोडला तो मला फोनवर ऐकू आला. मग सिस्टरचा आवाज, "हां, येतोय, येतोय, थोडा राहिला." मग त्या माणसाचं कण्हणं. मग गड्याचा आवाज, मला उद्देशून नव्हे, "काका, थोडं राहिलंय. माझ्याकडं बघू नका, पायाकडं बघा. असं. अजून एकदा." मी रिक्षाची पुढची दांडी इतकी घट्ट धरली होती की रिक्षावाल्याने नंतर हात लावून पाहिलं, वाकली तर नाही.

"निघाला," सिस्टर म्हणाली.

"पाणी सुरू ठेवा," मी म्हटलं. "आणि पापणी पुन्हा उलटून कोपऱ्यात बघा, बारीक कण असतात."

मी पोचले तेव्हा कॅज्युअल्टीच्या फरशीवर पाणीच पाणी झालं होतं. गडी कोपरापर्यंत भिजलेला, वाकून उभा. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मी हात धुतले, म्हटलं, "दे, आता मी बघते."

"नको," तो म्हणाला. "कोपऱ्यात एक कण आहे. मला सापडलाय तो. मी काढतो."

त्याने काढला. मी तोपर्यंत खाटेभोवती फेऱ्या मारल्या. त्या बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या, हातात नवऱ्याच्या चपला. मला म्हणाल्या, "तुम्ही त्या फोनवरच्या का?" मी हो म्हटलं. "ह्या डॉक्टरला मार्क द्या," त्या म्हणाल्या. "कसले असतील ते."

लिटमसचा कागद डोळ्याच्या कडेला लावून पाहिला, चुना गेला होता. मग यंत्राखाली बघितलं. बुबुळाची काच धुरकट होती आणि खालच्या कडेला एक पट्टा पांढरा पडला होता, रक्तच नसल्यासारखा. बाकी कड लाल होती, म्हणजे तिथे रक्त अजून पोचत होतं. लाल बघून मला किती बरं वाटलं ते त्या बाईंना कसं सांगू? त्यांनी विचारलं, "राहील ना?" मी म्हटलं, "आज सांगता येणार नाही." आणि हे मी नाटकी आवाजात म्हणू शकले नाही.

केसपेपर त्यानंतर काढला. नाव, वय, पत्ता.

गडी माझ्याशी पुढचे बरेच दिवस बोलला नाही. म्हणजे शिकवायला गेले की बसायचा, उत्तरं द्यायचा, पण नजर फळ्यावर. एकदा जाता जाता म्हणाला, "मला सांगायला पाहिजे होतं तुम्ही."

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

"पळालो असतो," तो म्हणाला. "पण ते मी ठरवलं असतं."

नट पाठवणं मी बंद केलं नाही, एवढं मात्र खरं. फक्त आता विभागप्रमुखांप्रमाणे त्यालाही आधी सांगते, आणि तो बाकीच्या मुलांना फसवायला माझ्याहून जास्त उत्साहाने मदत करतो. माझ्या मित्राचं म्हणाल तर कोपरीच्या त्या डॉक्टरने त्याच्या निरोगी डोळ्यात बराच वेळ पाणी घातलं. "नाव आधी विचारलं का पाणी आधी?" मी मित्राला विचारलं. "नाव," तो म्हणाला. "आणि ऐकून म्हणाला, तुम्ही नाटकात असता ना? मग मी काय बोलणार!"

घड्याळवाले काका दर आठवड्याला डोंबिवलीला माझ्याकडे यायचे. पहिल्यांदा बायकोच्या खांद्याला धरून, कारण उजव्या डोळ्याने रस्ता ओलांडवत नव्हता. टपरी बंद होती. धाकटा भाऊ म्हणत होता, जागा विकून टाक. मी थेंब देत होते, मलम देत होते, आणि प्रत्येक वेळी यंत्रात डोकावताना माझी मीच स्टुलावर स्थिर बसायचे. धुकं वरून हळूहळू मोकळं होत होतं, पण खालची कड जिद्दी होती. भिंतीवरच्या तक्त्यावरच्या अक्षरांच्या ते आधी वरच्या दोन ओळी वाचायचे, मग मधली, मग खालच्या ओळीच्या अर्ध्यावर येऊन अडायचे.

"हे वाचून काय करू मॅडम?" एकदा ते म्हणाले. "मी अक्षरं दुरुस्त करत नाही."

म्हणून पुढच्या खेपेला ते आपली पेटी घेऊन आले. गड्याला मी काही कळवलं नव्हतं, पण त्या बाईंनी कळवलं असावं, कारण तो सुट्टीच्या दिवशी कल्याणहून आला होता आणि दार छोटं असल्यामुळे वाकून आत येऊन उभा होता. काकांनी माझ्या टेबलावरचा पसारा न विचारता बाजूला सारला, पांढरा कागद पसरला, त्यावर एक बायकी घड्याळ उपडं ठेवलं आणि मागचं झाकण काढलं. काळं भिंग डाव्या डोळ्यात बसवलं. डोळा बारीक करून ते तिथे पकडायला त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला.

मग ते वाकले. चिमटा आत गेला. एक स्क्रू, बाजरीच्या दाण्याहून लहान, चिमट्यातून सुटून कागदावर पडला आणि घरंगळला. त्यांच्या बायकोने तोंडावर पदर धरला. काकांनी मान थोडी तिरकी केली, बुबुळाच्या स्वच्छ भागातून बघण्यासाठी, हे मला कळलं. गडी नकळत एक पाऊल पुढे आला होता, मीही. चिमटा कागदावर हिंडत राहिला, एकदा चुकला, परत आला.

"डॉक्टर," भिंगातून नजर न काढता काका वैतागून म्हणाले, "उजेडातून बाजूला व्हा की दोघं. दिसतंय मला."